डार्टमूरच्या अश्मराशी

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या ग्रॅनाइटच्या उंच माळरानावरील प्रागैतिहासिक दफनस्मारके. मृताच्या अवशेषांवर दगड रचून केलेल्या या राशी बहुतांशी आद्य ब्राँझयुगातील, म्हणजे ढोबळमानाने इ. स. पू. २३०० ते १५०० या काळातील आहेत. मोठ्या राशी टेकड्यांच्या माथ्यावर, दुरून नजरेत भरतील अशा आढळतात. लहान राशींच्या पोटात चार उभे दगड आणि वर झाकणशिळा अशी शिलापेटी असते. तिची लांबी सहसा वायव्य-आग्नेय ठेवलेली दिसते. मेरिव्हेल, ड्रिझलकूम अशा ठिकाणी त्यांच्या जोडीला उभ्या दगडांच्या लांब ओळीही आहेत.

उत्खनकांच्या हाती मात्र फारसे काही लागत नाही. खजिन्याच्या आशेने बहुतेक पेट्या जुन्या काळीच फोडल्या गेल्या आणि दगड कुंपणांना व घरांना वापरले गेले. उरलेले काम आम्लधर्मी मातीने केले. तिच्यात न जळालेली हाडे टिकत नाहीत.

याला ठळक अपवाद व्हाइटहॉर्स हिलचा. सुमारे ६०० मी. उंचीवरील या टेकडीवर पीटचा (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा) उंचवटा झिजून शिलापेटीचा दगड उघडा पडला होता. २०११ मध्ये उत्खनन झाले. पाणी धरून ठेवणाऱ्या पीटमध्ये हवा पोचत नाही, त्यामुळे एरवी कुजणाऱ्या वस्तू इथे टिकल्या होत्या. एका तरुण व्यक्तीच्या दहनानंतरची हाडे अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेली होती. सोबत झाडाच्या अंतर्सालीची विणलेली टोपली, खाजकुइलीसारख्याच आग करणाऱ्या नेटल या वनस्पतीच्या धाग्यांची व वासराच्या चामड्याची पट्टी, गुरांच्या केसांचे कथिलाचे मणी गुंफलेले कडे, कातून केलेल्या लाकडी चकत्या आणि दोनशेहून अधिक मणी होते. कथिल खुद्द डार्टमूरवर मिळते. मण्यांमधला अंबर (झाडांची अश्मीभूत राळ) मात्र बाहेरून आलेला. इ. स. पू. १७०० च्या आसपासच्या या एका पेटीने इथल्या कारागिरीबद्दल जेवढे सांगितले, तेवढे रिकाम्या पेट्यांच्या शतकभराच्या खणण्यातून कळले नव्हते. तिच्यावर दगडांची मोठी रास नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे.

युरोपातील अशा स्मारकांशी भारतातील दफनांचीही तुलना झाली आहे. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळे खणली. तिथल्या दगडांवरील वाटीसारख्या खळग्यांची तुलना त्यांनी युरोपातील खळग्यांशी केली. साम्य वरवरचे आहे: विदर्भातील दफने लोहयुगीन, डार्टमूरच्या राशींपेक्षा बरीच अलीकडची.

आज हौशी गिर्यारोहक राशींवर नवे दगड रचतात किंवा वाऱ्याला आडोसा म्हणून त्या पोखरतात. कायद्याने संरक्षित स्मारकांवर असे करणे गुन्हा आहे.