मांड्या काचल्यात की गजकर्ण झालंय?

लांब पळून आल्यावर अंगावर पहिला तांब्या ओतला आणि जांघेत चर्रकन झोंबलं, तर बहुधा मांड्या काचल्यात. पण आठवडाभर पळायला गेला नाहीत, तरी रात्री अंथरुणावर पडलं की खाज थांबत नाही, तर संशय गजकर्णाचा. दोन्हींत कातडी लाल, जागाही तीच. शिवाय या जागेबद्दल चारचौघांत बोलायची सोय नाही, म्हणून दोन्हींवर घरातली एकच ट्यूब फासली जाते. खरी गडबड तिथेच होते.

काचणं म्हणजे निव्वळ घर्षण. घामाने ओलसर झालेली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते, आणि घाम वाळला की मागे राहिलेलं मीठ तिला आणखी खरवडतं. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून घरात उत्तम असलेली सुती चड्डी लांब पल्ल्याला वैरी ठरते. पावसात भिजलेल्या कपड्यांनी मैलोन् मैल चालणाऱ्या वारकऱ्यांच्या मांड्याही अशाच सोलवटतात. पळणाऱ्या पुरुषांच्या बनियनवर छातीपाशी रक्ताचे दोन डाग दिसतात, तोही हाच प्रकार. तिथे आधीच चिकटपट्टी लावावी. मांड्यांसाठी अंगाला बसणारी, घाम न धरणारी आखूड टाइट्स आणि निघण्यापूर्वी व्हॅसलीनचा सढळ थर. अंतर मोठं असेल तर वाटेत पुन्हा एकदा.

काचून झालंच, तर कोमट पाण्याने मीठ धुवा, टॉवेलने टिपून कोरडं करा (घासू नका) आणि व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा. सोललेल्या जागी डेटॉल नको, पावडरही नको. घासणं थांबलं की साधं काचणं दोन-चार दिवसांत बरं होतं.

गजकर्ण मात्र बुरशीचा संसर्ग आहे. विश्रांतीने तो जात नाही, पसरतो. त्याची कड उठावदार, खवलेदार असते आणि मधला भाग त्यामानाने निवळलेला दिसतो. काचलेल्या जागेला अशी रेखीव कड नसते. जेवढं घासलं तेवढं लाल. बुरशीला बुरशीविरोधी औषधच लागतं, तेही डॉक्टर सांगतील तितके आठवडे. खाज थांबली म्हणून मध्येच सोडलं की ती परततेच. भारतात हल्ली टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी गजकर्णाची बुरशीही आढळते.

आता त्या ट्यूबकडे. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेल्या ‘खाजेच्या’ क्रीममध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत ओसरते, बुरशी मात्र आत फोफावत राहते आणि वरची ओळखीची कड पुसली गेल्याने डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. काचलेल्या जागी तरी त्याचा काय उपयोग? जांघेतली कातडी मुळात पातळ, स्टेरॉइडने ती आणखी पातळ होते आणि ताणल्याचे कायमचे व्रण उरू शकतात.

दोन्ही एकदम असणंही शक्य आहे. व्हॅसलीन लावून, आठवडाभर न पळताही लाली हटली नाही किंवा पसरली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल किंवा पू दिसत असेल तर आठवडाही थांबू नका. जाताना पायांची बोटंही दाखवा: बोटांच्या बेचक्यातली बुरशी चड्डी चढवताना जांघेपर्यंत पोचते. औषध चालू असेपर्यंत मोजे आधी, चड्डी नंतर, आणि टॉवेल घरात प्रत्येकाचा वेगळा.