ग्रॅनाइटचं वय काढून डोंगराचं वय कसं कळतं, थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात कुठंही बोअर मारा, काळा बेसाल्टच लागणार, आणि तो ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे तसा पोरगाच. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरला बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळाखाली ग्रॅनाइटच्या गोतातला फार जुना खडक लागला. असला खडक उघड्यावर बघायचा तर विजापूरच्या पुढं जायचं, इरकल साड्यांच्या इलकलला गुलाबी ग्रॅनाइटच्या खाणीच आहेत.

आधी तर ग्रॅनाइट समुद्राच्या पाण्यातून साका बसून झाला असंच लोक मानायचे. १७८५ मध्ये जेम्स हटन या भूगर्भशास्त्रज्ञानं स्कॉटलंडात ग्लेन टिल्टला बघितलं की ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसल्यात, म्हणजे तो वितळलेला होता आणि ज्यात घुसला त्याच्या नंतरचा होता. मला विचाराल तर खरी किल्ली हीच, मशिनी मागनं आल्या. डोंगर उभा राहतो तो दाबानं, आणि त्यात खडकाला घड्या पडतात. अशा घड्या पडलेल्या खडकाला ग्रॅनाइट आरपार कापून गेला असेल तर घड्या आधीच्या, आणि ग्रॅनाइटच पिळवटलेला असेल तर दाब नंतरचा किंवा त्याच वेळचा, मग असल्या दोन ग्रॅनाइटची वयं काढली की डोंगर उभा राहिला तो काळ मधे सापडतो.

पण आकडा आणायचा कुठनं? भौतिकशास्त्रज्ञ केल्विनसाहेब अख्ख्या पृथ्वीलाच २ ते ४ कोटी वर्षं देऊन बसलेले. १९११ मध्ये आर्थर होम्स या २१ वर्षांच्या पोरानं युरेनियमचं ठराविक गतीनं शिसं होत जातं हे धरून दोन्ही मोजले आणि नॉर्वेच्या एका खडकालाच ३७ कोटी काढले!

आता भरवसा झिर्कॉनवर. ग्रॅनाइटमधला वाळूच्या कणाएवढा स्फटिक, तयार होताना युरेनियम आत घेतो पण शिशाला थारा देत नाही, म्हणून आत सापडलेलं शिसं बहुतेक युरेनियमपासूनच झालेलं. खडक भरडायचा, जड दाणे वेगळे काढायचे, रेझिनमध्ये बसवून अर्धे घासायचे आणि त्यावर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत मारून आतलं युरेनियम आणि शिसं मोजायचं. घोळ एवढाच की एकाच दाण्याचा गाभा जुना आणि कड नवी असू शकते, गाभा वितळण्यातनं वाचून तसाच आलेला असतो, त्याचं वय ग्रॅनाइटच्या नावावर खपवलं की सगळा हिशेब चुकला.

कर्नाटकातला क्लोजपेट ग्रॅनाइट, रामनगरपासून हंपीच्या बाजूला जवळपास ४०० किलोमीटरचा उभा पट्टा, झिर्कॉनवरनं साधारण २५१ कोटी वर्षांचा निघाला. त्याच्या पश्चिमेला ३०० कोटींच्या पुढचे खडक भरपूर, पूर्वेला बरेचसे २७० ते २५० कोटींचे. म्हणून भूकवचाचे दोन तुकडे भिडले त्या काळात हा वर आला असं काही जण म्हणतात, तर काहींच्या मते खोलवरनं आलेल्या उष्णतेनं कवच वितळलं, आणि ते भांडण अजून चालूच आहे.