मॅट्रिकपासून मुलाखतीपर्यंत : ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तयारीची पार्श्वभूमी

आमच्या आजी-आजोबांच्या पिढीत ‘मॅट्रिक’ ही माणसाची ओळख होती. ‘मॅट्रिक पास’, ‘नॉन-मॅट्रिक’ हे शब्द नोकरीच्या अर्जात यायचे, तसे लग्नाच्या बोलणीतही यायचे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली आणि तिच्यामुळे हा शब्द आपल्या घरात आला. मूळ शब्दाचा परीक्षेशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नोंदवही. ऑक्सफर्डमध्ये आजही नवे विद्यार्थी काळा पोशाख, पांढरा सदरा आणि वर काळा गाऊन घालून शेल्डोनियन थिएटरात जातात. तिथे थोडं लॅटिन बोललं जातं आणि तेवढ्यावर तुम्ही विद्यापीठाचे होता. तेच मॅट्रिक्युलेशन.

अकरावी-बारावीच्या मुलांकडून मी या दोन विद्यापीठांच्या मुलाखतींचा सराव करून घेते. पहिल्याच दिवशी पालक विचारतात, ‘तयारी नेमकी कशाची करायची?’ या प्रश्नाचं उत्तर गेल्या चारशे वर्षांत अनेकदा बदललं आहे. नोंदवहीत कुणाचं नाव चढू द्यायचं यावरून तिथे जे भांडण चाललं, त्याचाच हा इतिहास आहे.

ऑक्सफर्डमध्ये १०९६ च्या सुमाराला शिकवणं सुरू असल्याचे पुरावे आहेत. १२०९ मध्ये गावकऱ्यांशी झालेल्या तंट्यानंतर तिथून निघालेल्या काही विद्वानांनी केंब्रिज वसवलं. पुढची कित्येक शतकं ही दोन्ही ठिकाणं मुख्यतः धर्मसेवेसाठी माणसं घडवत होती, आणि त्यामुळे तयारीची पहिली अट श्रद्धेची होती. १५८१ पासून ऑक्सफर्डच्या नोंदवहीत नाव घालतानाच इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस धर्मसूत्रांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये प्रवेश मिळे, पण पदवीच्या वेळी तीच अट आडवी येई. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हा पुढे जगद्विख्यात झालेला गणिती १८३७ साली केंब्रिजच्या परीक्षेत दुसरा आला. तो ज्यू होता, म्हणून त्याला पदवी मिळाली नाही. ती मिळायला १८७२ साल उजाडलं. ऑक्सफर्डने १८५४ मध्ये आणि केंब्रिजने १८५६ मध्ये बी.ए.पुरती धर्माची अट काढली होती. १८७१ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्याच पदव्यांवरची आणि पदांवरची काढली. श्यामजी कृष्णवर्मा १८७९ मध्ये मुंबईहून ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजात दाखल झाले आणि १८८३ मध्ये बी.ए. झाले, ते या उघडलेल्या दारातून.

धर्म गेला तरी भाषा राहिली. १८०८ पासून ऑक्सफर्डमध्ये ‘रिस्पॉन्शन्स’ आणि १८२२ पासून केंब्रिजमध्ये ‘लिटल-गो’ नावाची प्राथमिक परीक्षा असे. गणित शिकायचं असो की रसायनशास्त्र, ग्रीक आणि लॅटिन आलंच पाहिजे. गरीब शाळांमध्ये ग्रीक शिकवतच नसत, म्हणजे तिथली मुलं अर्ज करण्याआधीच बाद. १९०५ मध्ये केंब्रिजमध्ये ग्रीकची सक्ती उठवण्याचा ठराव मताला आला आणि हरला. पहिल्या महायुद्धानंतर मात्र ते टिकलं नाही : ग्रीकची सक्ती केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये उठवली. लॅटिन १९६० च्या सुमाराला सुटलं.

बायकांचं नाव तर त्या वहीत फार उशिरा आलं, आणि इथे एक नाशिकची मुलगी उभी आहे. कॉर्नेलिया सोराबजी १८६६ मध्ये नाशिकला जन्मली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. तिचा निकाल इतका वरचा होता की एखाद्या मुलाला त्यावर इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली असती. मुलगी असल्यामुळे ती नाकारली गेली. मग इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी वर्गणी जमवली; त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात पोहोचली. १८९२ साली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा पुरुषांबरोबर बसून देता यावी म्हणून विद्यापीठाला तिच्यासाठी खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, ती उत्तीर्ण झाली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली आणि तिला ती १९२२ मध्ये मिळाली. तीस वर्षं! माझ्या वर्गातल्या मुलींना मी हा आकडा मुद्दाम सांगते. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत वाट पाहायला लावली. १८९७ मध्ये तिथे हा प्रश्न मताला आला तेव्हा विरोधी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता.

त्याच वर्षी त्याच गावात दापोलीजवळच्या मुर्डी गावचा एक तरुण गणिताचा अभ्यास करत होता. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजात गेले. इथली पदवी घेऊनही तिथे पुन्हा बी.ए.पासूनच सुरुवात करायची होती. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ म्हणतात. तिच्यात पहिल्या वर्गात येणारा तो ‘रँग्लर’, आणि त्यांतला पहिला तो ‘सीनियर रँग्लर’. १८९९ मध्ये परांजपे हे स्थान एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने मिळवणारे पहिले भारतीय ठरले. १९०१ मध्ये परत येऊन, आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे, ते फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. तेव्हापासून ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत बिरुदासारखा नावाआधी लागतो. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. पुण्यात रँग्लर म्हणजे काय हे न विचारताच माणसं मान झुकवत.

या यशामागच्या तयारीची पद्धत मात्र आज समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकात ट्रायपॉसचा खरा अभ्यास कॉलेजात होत नसे. विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे पैसे भरून जात, आणि त्यांना ‘कोच’ म्हणत. एडवर्ड राऊथ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. वेळ लावून गणितं सोडवणं, जुने पेपर घोटणं, क्रमांकासाठी धावणं. आपल्याकडच्या क्लासेसचं वातावरण ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. यात विषयाचा जीव जातो असं तिथल्याच गणितज्ञांना वाटू लागलं आणि १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणं बंद झालं. कोचचं काम हळूहळू कॉलेजांनी स्वतःकडे घेतलं. एका शिक्षकासमोर एक-दोन विद्यार्थी, आठवड्याचं काम आणि त्यावर तासभर चर्चा. याला ऑक्सफर्ड ‘ट्युटोरियल’ म्हणतं आणि केंब्रिज ‘सुपरव्हिजन’.

पैशाचा भाग थोडक्यात सांगते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी उभा केला, आणि तो आजही चालू आहे. केंब्रिजने १८६९ मध्ये, कॉलेजचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी, कॉलेजाबाहेर राहून शिकण्याची सोय केली. तिचंच पुढे फिट्झविल्यम हाउस झालं. सुभाषचंद्र बोस तिथलेच. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर बनारसची बी.एस्सी. घेऊन १९५७ मध्ये तिथेच गेले आणि, क्रमांक आता जाहीर होत नसले तरी, १९५९ मध्ये सीनियर रँग्लर ठरले. १९८० नंतर ब्रिटिश सरकारने परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून पदवीच्या पातळीवर आपल्या मध्यमवर्गीय घरांसाठी हे दार जड झालं, आणि म्हणून आपले बहुतेक विद्यार्थी आता शिष्यवृत्ती शोधत पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही त्याच टप्प्यासाठी आहे. मला हे मनापासून खटकतं, कारण ट्युटोरियलचा खरा लाभ अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी होतो.

प्रवेशपरीक्षेतही पैशाचाच प्रश्न आला. कित्येक दशकं इंग्लंडच्या खासगी शाळा आपल्या मुलांना बारावीनंतर आणखी एक सत्र ठेवून घेत आणि कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेत. सरकारी शाळांना हे परवडत नसे. टीका वाढली, आणि केंब्रिजने १९८० च्या दशकात व ऑक्सफर्डने १९९० च्या दशकात ती जुनी पद्धत सोडली. त्या जागी विषयवार चाचण्या आल्या. केंब्रिजच्या गणितासाठी १९८७ पासून ‘स्टेप’ आहे, ऑक्सफर्डच्या कायद्यासाठी २००४ पासून ‘एलनॅट’. पदवीचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जायला हवा, आणि एका वर्षी दोन्हींपैकी एकाच विद्यापीठाला करता येतो.

आणि मग मुलाखत. ऑक्सफर्डच्या मुलाखती आता ऑनलाइन होतात. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच पडद्यावरच्या फळ्यावर लिहितात. ही तोंडी परीक्षा नाही. ज्याला मी दर आठवड्याला तासभर शिकवणार आहे त्याच्याबरोबर विचार करता येतो का, हे शिक्षक पाहत असतो. म्हणजे ट्युटोरियलचाच नमुना. आपली मुलं इथेच अडखळतात, कारण उत्तर पूर्ण तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे आपण त्यांना पहिलीपासून शिकवलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात सरावाला एक मुलगी होती. मी तिला साइन एक्स भागिले एक्स याचा आलेख काढायला सांगितला. तिने लगेच अवकलन काढायला घेतलं, अडकली आणि गप्प झाली. दोन मिनिटं पेन हवेत. मी म्हटलं, ‘अगं, मनात काय चाललंय ते सांग.’ ती म्हणाली, ‘चुकीचं असेल.’ ‘असू दे.’ मग हळूच, ‘एक्स मोठा झाला की भाजक वाढतो, म्हणजे लाट बारीक होत जाणार. पायला शून्य, दोन पायला शून्य…’ पेन चालू लागलं. ‘आणि उणे बाजूला?’ ‘तेच. साइनचंही चिन्ह बदलतं, एक्सचंही.’ मधोमध, जिथे शून्य भागिले शून्य होतं, तिथे ती पुन्हा थांबली. पण आता थांबली ती बोलत. ‘मॅडम, इथे एक छोटी संख्या घालून बघू का?’