देवकुंड धबधबा : घरच्या मंडळींसाठी एका दिवसाची सहल

(नाव नोंदवण्याआधी कृपया वाचा)

"देवकुंडला कधी नेणार?" असं जुलैत रोज कुणी ना कुणी विचारतं. आमचं उत्तर ठरलेलं : दिवाळीनंतर.

पावसाळ्यात धबधबा जोरात असतो हे खरं, पण तिथवर जायला वाटेत ओढे ओलांडावे लागतात. वर घाटमाथ्यावर सर कोसळली की खाली कोरडं असलं तरी ओढ्याला लोंढा येतो. सकाळी घोटाभर पाण्यातून गेलेली माणसं दुपारी पलीकडे अडकतात. इथे जीवही गेले आहेत, म्हणून पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं. आदेश असो वा नसो, जून ते सप्टेंबर आम्ही नेत नाही. मार्चपासूनही बंद. २०१७ च्या मार्चअखेर, चालायला जिथून सुरुवात होते त्या भिरा गावाचा पारा ४६.५ अंशांवर गेल्याची बातमी देशभर गाजली होती, तिथे लेकरांना कशाला तापवायचं?

वाट कशी आहे

पुण्याहून पहाटे साडेपाचला निघून मुळशी, ताम्हिणी घाट करत रायगड जिल्ह्यातल्या भिरा गावात उतरायचं. चहा-पोहे तिथेच. पुढे गावातला वाटाड्या सोबत असतो. ओढ्यापाशी किंवा डोहावर त्याने "नको" म्हटलं की नको. त्यावर वाद घालू नये.

पायी जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. चढ फारसा नाही. सुरुवातीला वाट भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेने जाते. मुलांना इथे थोडं थांबवून सांगण्यासारखं आहे. घाटावरच्या मुळशी धरणाचं पाणी एरवी मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते बोगद्यातून आणि नळांतून कोकणात उतरवून इथे १९२७ पासून वीज तयार होते. तेच पाणी पुढे कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं तेही या सोडलेल्या पाण्यावर. मुळशी धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला होता, हेही आजोबांनी नातवंडांना जरूर सांगावं.

पाणी मागे पडलं की झाडी सुरू होते आणि मोबाइलची रेंज जाते. शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडधोंड्यांतून आहे. दमछाक होते ती इथेच.

कुंडापाशी

तिन्ही बाजूंनी काळे कडे आणि मधे हिरवट डोह. कडे इतके जवळ आणि उंच आहेत की ऊन पाण्यापर्यंत उतरायला दुपार व्हावी लागते. कड्याकडे नीट पाहिलंत तर आडवे थर दिसतील. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरांवर थर साचत गेला. कठीण थर टिकतो, त्याखालचा ठिसूळ थर पाण्याने झिजतो, मग वरचा आधार सुटून कोसळतो. घळ अशीच मागे मागे सरकत जाते. तुम्ही ज्या धोंड्यांवरून आलात, ते याच कड्यांचे.

म्हणूनच धारेखाली उभं राहायचं नाही; पाण्याबरोबर दगडही येतात. काठाचा कातळ शेवाळलेला असतो आणि डोह एकदम खोल होतो. मोठ्यांनी गुडघाभर, मुलांनी आईबाबांचा हात धरून पाय बुडवावेत. पोहता येणाऱ्यांसाठी सुद्धा नियम हाच.

कुणी यावं, काय आणावं

आठ वर्षांवरची मुलं सहज चालतात. त्याहून लहानग्याला कडेवर घेऊन दगडांतून जाणं धोक्याचं, त्यामुळे कृपया आग्रह धरू नका. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी धरणाच्या काठापर्यंत यावं. परत सोबत करायला आमचा माणूस असतो.

पायात पकड असलेले बूट हवेत. चप्पल, सँडल नको. माणशी दोन लिटर पाणी, सुका खाऊ, टोपी, कपड्यांचा एक जादा जोड एवढं पुरे. स्पीकर घरीच ठेवा. वेफर्सची रिकामी पाकिटं आपल्याच पिशवीतून परत.

दुपारी एकला कुंड सोडायचं, म्हणजे साडेतीनपर्यंत गावात जेवायला : तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वरणभात. मुलांसाठी बिनतिखटाची भाजी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा.

अवेळी पाऊस लागला तर सहल आम्ही रद्द करतो आणि पूर्ण पैसे परत देतो. अर्ध्या वाटेतून माघारी फिरावं लागलं तर मात्र गाडी, वाटाड्या आणि जेवणाचा खर्च झालेला असतो, त्यामुळे पैसे मिळत नाहीत.