दोन प्रोटीनची पकड सुटली की हृदयातला पडदा अपुरा राहतो

बाळाच्या हृदयात भोक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातला पहिला प्रश्न हमखास आईला असतो. तू काय खाल्लंस, कुठे गेली होतीस, काही जड उचललंस का. हे ऐकलं की मला खरंच राग येतो. जन्मजात हृदयदोष काही दुर्मिळ नाही, साधारण १०० बाळांमागे एकाला कुठला ना कुठला दोष असतो. आईच्या तब्येतीशी जोडलेली काही कारणं आहेत हे मान्य, गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला किंवा डायबेटिस ताब्यात नसला तर धोका वाढतो. पण कुणाची नजर, मागच्या जन्मीचं पाप, अमुक वेळी घराबाहेर पडणं, यातल्या कशानेही हृदयाच्या कप्प्यांमधला पडदा वाढायचा अडत नाही. मग तो अडतो कशाने? याचं एक उत्तर रेणूंच्या पातळीवर अगदी एका अमिनो आम्लापर्यंत (प्रोटीनची माळ ज्या मण्यांची बनते त्यातला एक मणी) जाऊन सापडलंय आणि ती गोष्ट मला इतकी आवडते की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

या कामातलं एक मोठं नाव म्हणजे दीपक श्रीवास्तव. लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ आणि संशोधक, आधी डॅलसला आणि २००५ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन इन्स्टिट्यूटमध्ये. एरिक ओल्सन या संशोधकाच्या लॅबमध्ये असताना त्यांनी हँड नावाच्या जीन्सवर काम केलं. १९९७ मध्ये दिसलं की उंदरात हँड-२ हा जीन काढून टाकला तर हृदयाचा उजवा खालचा कप्पा जवळजवळ बनतच नाही, बाकीचं हृदय मात्र बनायला लागतं. म्हणजे हृदय हा एकसंध गोळा नाहीये, कप्प्याकप्प्याच्या सूचना वेगळ्या आहेत.

वेळापत्रकही लक्षात घ्या. माणसाच्या गर्भात तिसऱ्या आठवड्यात हृदयाच्या पेशी ठरतात, त्यांची एक नळी बनते, ती साधारण २२व्या दिवशी आकुंचन पावायला लागते, मग वळते, फुगते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत आत पडदे वाढून चार कप्पे तयार. यातला बराच भाग तर आईला दिवस गेलेत हे नीट कळायच्या आसपासच उरकलेला असतो. भोक म्हणतात ते बहुतेक वेळा नंतर पडलेलं नसतं, पडदा तिथपर्यंत पोचलेलाच नसतो. (वरच्या दोन कप्प्यांमधली एक वाट सगळ्याच गर्भांमध्ये उघडी असते, कारण फुफ्फुसं अजून वापरात नसतात, ती जन्मानंतर मिटते. तो दोष नाही.)

आता मुख्य गोष्ट. २००३ साली विदू गर्ग, श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञानपत्रिकेत एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास छापला. या कुटुंबात पाच पिढ्या हृदयाच्या पडद्याचे दोष चालत आले होते. शोधत शोधत ते आठव्या क्रोमोसोमवरच्या गाटा-४ या जीनपर्यंत पोचले. त्याच्या प्रोटीनमध्ये ४४० च्या आसपास अमिनो आम्लं आहेत, त्यातलं २९६ व्या जागेवरचं ग्लायसिन या कुटुंबात सिरीन झालं होतं. बस, एवढंच. ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल, सिरीन त्याहून किंचित मोठं. शिवाय जवळजवळ प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि या लोकांची दुसरी प्रत चांगली होती.

इथे आपली शाळेतली समजूत तोकडी पडते. आपल्याला वाटतं जीन बिघडला म्हणजे प्रोटीन बनत नाही. इथे प्रोटीन बनत होतं. मग बिघडलं काय?

गाटा-४ चं काम आहे डीएनएवर बसून दुसरे जीन्स चालू-बंद करणं, अशा प्रोटीन्सना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांचा मजकूर आणि गाटा-४ त्यात जी-ए-टी-ए ही चार अक्षरं शोधतो, नावही त्यावरूनच. आता जरा हिशोब करू. चार अक्षरांचा ठराविक क्रम योगायोगाने दर २५६ अक्षरांमागे एकदा येणार, कारण ४ गुणिले ४ गुणिले ४ गुणिले ४. आपला डीएनए साधारण ३०० कोटी अक्षरांचा. म्हणजे जी-ए-टी-ए हा क्रम एक कोटीहून जास्त ठिकाणी असणार! हृदयाच्या कामाच्या जागा त्यातल्या फार तर काही हजार. मग या बिचाऱ्या प्रोटीनला कसं कळावं की नेमकं कुठे बसायचं?

एकट्याला कळत नाही, हेच उत्तर. त्याला जोडीदार लागतो. टीबीएक्स-५ हा दुसरा फॅक्टर आठेक अक्षरांचा वेगळा क्रम ओळखतो, आणि हे दोन क्रम जिथे जवळजवळ आलेत अशा जागा खूप कमी असतात. तिथे गाटा-४ आणि टीबीएक्स-५ शेजारी शेजारी बसतात, एकमेकांनाही चिकटतात, त्यामुळे दोघंही जास्त वेळ टिकतात आणि मग तिथे बाकीची यंत्रणा गोळा होते, डीएनएची गुंडाळी सैल होते आणि हृदयाचा जीन चालू होतो. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात तसंच, एका चावीने काही उघडत नाही. एनकेएक्स २-५ नावाचा तिसराही त्यांच्यात असतो आणि हे तिघं मिळून डीएनएवर ज्या जागा निवडतात त्या एकेकट्याने निवडलेल्या जागांपेक्षा बऱ्याच वेगळ्या निघतात, म्हणजे जोडीदार नसला तर फॅक्टर नुसता रिकामा बसत नाही, भलतीकडे जाऊन बसतो.

गर्ग आणि श्रीवास्तव यांना दिसलं ते हे, की २९६ व्या जागेच्या त्या बदलामुळे गाटा-४ ची डीएनएवरची पकड सैल होते आणि टीबीएक्स-५ ला चिकटणं तर जवळपास थांबतंच. मग त्यांनी उलट बाजूनेही तपासलं. टीबीएक्स-५ बिघडला तर होल्ट-ओरॅम सिंड्रोम होतो हे १९९७ पासून माहीत होतं, त्यात हृदयाच्या पडद्याचा दोष आणि हाताच्या, विशेषतः अंगठ्याच्या हाडात दोष असतो. अशा रुग्णांमधले टीबीएक्स-५ चे काही बदल घेऊन पाहिलं तर तिथेही गाटा-४ शी जोडणी तुटलेली! दोन वेगळे जीन्स, दोन वेगळी कुटुंबं, आणि दोष सारखाच, कारण तुटतंय ते दोघांच्या मधलं. मला हा निष्कर्ष अतिशय देखणा वाटतो.

पुढे २०१६ मध्ये याच गटाने हा बदल असलेल्या रुग्णांच्या पेशी घेऊन त्या आधी मूळ पेशी (स्टेम सेल) केल्या आणि मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवल्या. त्या डिशमध्ये आकुंचन पावत होत्या, पण जोर कमी, कॅल्शियमची ये-जा विस्कळीत. डीएनएवर पाहिलं तर हृदयाच्या सगळ्यात महत्त्वाच्या स्विचांवर टीबीएक्स-५ पोचलेलाच नव्हता. आणि जे जीन्स बंद राहायला हवेत, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचे वगैरे, त्यांच्या जागा उघड्या पडलेल्या. म्हणजे पेशी धड हृदयाचीही झाली नाही. चांगली प्रत एक आहे पण निम्म्या डोसवर काम भागत नाही, हृदयाचे हे जीन्स प्रमाणाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत.

याच फॅक्टर्सचा दुसरा पराक्रम तुम्ही बातम्यांमध्ये वाचला असेल. २०१० मध्ये मासाकी इएडा आणि श्रीवास्तव यांनी गाटा-४, टीबीएक्स-५ आणि मेफ-२सी हे तीन फॅक्टर उंदराच्या साध्या जोडऊतीच्या पेशींमध्ये घातले आणि त्या हृदयाच्या पेशींसारख्या झाल्या. काम जबरदस्त आहे, शंकाच नाही. पण लगेच "आता हार्ट अटॅकनंतर हृदय नवं होणार" अशा हेडलाइन्स आल्या त्या चूक होत्या. पूर्ण बदलून धडधडायला लागलेल्या पेशी थोड्याच होत्या आणि माणसाच्या पेशींना हे तीन पुरतही नाहीत, आणखी घटक लागतात. २०१२ मध्ये जिवंत उंदराच्या हृदयात ते करून थोडी सुधारणा दिसली, एवढं खरं. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन हृदय दुरुस्त करतो असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही.

आता पुन्हा कुटुंबाकडे, कारण पाच पिढ्या सरळ चालत आलेला दोष हा सोपा प्रकार. बहुतेक घरांमध्ये आईवडील दोघंही ठणठणीत असतात. २०१९ मध्ये श्रीवास्तव यांच्या गटाने अशाच एका घराचा अभ्यास छापला. तीन मुलांच्या हृदयाचा स्नायू गर्भात असतो तसा जाळीदारच राहिला होता, नीट घट्ट झालाच नव्हता. वडिलांकडून दोन जीन्समधले बदल आलेले, मायएच-७ आणि एमकेएल-२, त्यांना स्वतःला त्रास काही नव्हता, तपासणीत किंचित खुणा दिसल्या तेवढंच. आईकडून एनकेएक्स २-५ मधला एक बदल, तिचं हृदय एकदम चांगलं. तिन्ही बदल एकत्र आले ते फक्त मुलांमध्ये. मग संशोधकांनी तेच तीन बदल उंदरांत एकत्र केले आणि उंदरांच्या हृदयाचा स्नायूही तसाच जाळीदार राहिला.