संशयास्पद ई-मेल आल्यास काय करावे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लातूरच्या मार्केट यार्डातील आडत दुकाने, एमआयडीसीतील डाळ मिल, शहरातील क्लासेस आणि करसल्लागारांची कार्यालये यांच्या ई-मेलची व्यवस्था आम्ही पाहतो. सोयाबीनची आवक वाढली की, आणि पुन्हा मार्चअखेर, आमच्याकडे दिवसभर एकच विचारणा होत राहते : "सर, एक मेल आलाय, खरा आहे का बघा." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर त्या मेलचा फोटो येतो. आम्ही मूळ मेल मागितला, की उत्तर मिळते, "तो तर लगेच डिलीट केला, ट्रॅशसुद्धा रिकामा केला." मेल काढून टाकण्यामागे सावधगिरीच असते, हे आम्ही जाणतो, परंतु त्याच कृतीमुळे तपासाचे सगळे साधन नष्ट होते.

फोटोत दिसते ते पाठवणाऱ्याचे नाव, आणि ते नाव त्याने स्वतः टाइप केलेले असते. पाकिटावर "प्रेषक" म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. पत्र कोणत्या गावाहून निघाले, ते पोस्टाच्या शिक्क्यावरून कळते. ई-मेलचे असे शिक्के त्याच्या हेडरमध्ये असतात. मेल कोणत्या सर्व्हरवरून निघाला, वाटेत कुठे थांबला, आणि उत्तर दिल्यास ते नेमके कोणत्या पत्त्यावर जाईल, हे तेथे नोंदलेले असते. फोटोत यातले काहीही येत नाही. नेहमीसारखा फॉरवर्ड केलेला मेलही या कामी उपयोगाचा नाही, कारण फॉरवर्ड करताच तो आपल्या पत्त्यावरून निघालेला नवा मेल होतो आणि जुने हेडर मागेच राहते.

आमच्या एका डाळ मिल ग्राहकाच्या हिशेबनिसांना मुंबईच्या आयातदाराच्या नावाने मेल आला होता. मोझांबिकच्या तुरीचा कंटेनर बंदरात पोहोचला आहे, आमच्या जुन्या खात्याचे ऑडिट चालू असल्याने उरलेली रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी, असा मजकूर होता. नाव बरोबर, बिलाचा क्रमांक बरोबर, सहीखालचा लोगोही बरोबर. फोटोवरून आम्हाला काहीच ठरवता आले नाही. सुदैवाने तोच मेल मालकांच्या इनबॉक्समध्येही आला होता आणि त्यांनी तो ठेवला होता. त्यातील पत्ता मोठ्या अक्षरात पाहिल्यावर दिसले, की कंपनीच्या नावातील इंग्रजी "एम"च्या जागी "आर" आणि "एन" ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवली होती. छोट्या पडद्यावर ती "एम"सारखीच दिसतात. मालकांनी जुन्या बिलावरील क्रमांकावर फोन लावला, तेव्हा खाते बदललेलेच नव्हते. खाते बदलल्याचा मेल आला, की पैसे पाठवण्याआधी असा फोन करावाच, आणि तो मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर कधीही करू नये.

म्हणून आमची विनंती अशी आहे, की शंका आल्यास मेलमधील लिंक किंवा जोडलेली फाइल उघडू नये, मेल डिलीट करू नये, आणि संगणकावरून तो मेल जोडपत्र म्हणून आमच्या बिलावर छापलेल्या पत्त्यावर पाठवावा. जीमेलमध्ये मेल उघडल्यावर वरच्या पट्टीतील तीन ठिपक्यांवर "फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट" हा पर्याय आहे; संगणकावरील जुन्या आउटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ही बटणे एकत्र दाबावीत. आमचे उत्तर आल्यावर "रिपोर्ट स्पॅम" करावे, नुसते डिलीट करू नये, कारण त्या बटणामुळेच नको असलेले मेल अडवणाऱ्या फिल्टरला पुढच्या वेळी ओळख पटते.

काही ग्राहक विचारतात, की फिल्टर इतका कडक का करत नाही, की असा मेल आतच येणार नाही. तसे करता येते. पण मिलला परगावच्या नव्या खरेदीदाराचा पहिला मेल येतो, तेव्हा फिल्टरच्या दृष्टीने तोही अनोळखीच असतो. चार खोटे मेल अडवताना एक खरी ऑर्डर अडकलेली आम्हाला चालत नाही. त्याच कारणाने स्पॅम फोल्डर रोज एकदा पाहावा. जीमेल त्यातील मेल ३० दिवसांनी आपोआप काढून टाकते. मेल पत्त्यातील डोमेनवरून, म्हणजे "@" नंतरच्या नावावरून, खरोखर निघाला का हे पाहणाऱ्या हेडरमधील एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या "पास" दिसल्या, तरी मेल खरा ठरत नाही, एवढेही लक्षात असू द्यावे. तो त्या डोमेनवरूनच आला, इतकेच त्यातून सिद्ध होते, आणि मिळतेजुळते डोमेन विकत घेऊन त्यावर या तिन्ही गोष्टी लावणे फसवणाऱ्यालाही जमते.

जीएसटी किंवा आयकराच्या नोटिशीचा मेल आल्यास त्यातील लिंक सोडून द्यावी आणि स्वतः पत्ता टाइप करून पोर्टलवर लॉगिन करावे. खरी नोटीस तेथे दिसते. बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या डोमेनवर जाण्यास सांगितले होते, तेव्हा बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता त्याने संपतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ओळखीच्या कंपनीच्या जाहिराती "अनसबस्क्राइब" करून थांबवता येतात; अनोळखी मेलमधील तसे बटण मात्र दाबू नये, कारण त्यामुळे आपला पत्ता चालू असल्याचे पाठवणाऱ्याला कळते.

लिंक उघडून पासवर्ड दिला गेला असेल, तर संकोच न करता लगेच कळवावे. आम्ही कोणाला दोष देत नाही. उशीर झाला तर मात्र आमचेही हात बांधले जातात. पासवर्ड बदलणे पुरेसे नसते. शिरकाव केलेला माणूस पुष्कळदा मेलबॉक्समध्ये एखादा फॉरवर्डिंगचा नियम लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्यानंतरही आपले मेल त्याच्याकडे जात राहतात. तो नियम शोधून काढणे हे आमचे पहिले काम असते. पैसे गेले असल्यास आमच्याही आधी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेत फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखता येणे वेळेवरच अवलंबून असते.

वार्षिक करार असलेल्या ग्राहकांकडून मूळ मेल तपासण्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही, आणि मेल नीट जोडून आला तर उत्तर बहुधा त्याच दिवशी देतो. मेल डिलीट झाल्यामुळे माणूस पाठवून संगणक तपासावा लागला, तर मात्र भेटीचे शुल्क लागते; औसा, उदगीर, अहमदपूरच्या ग्राहकांसाठी त्यात प्रवासखर्चही येतो. आपल्या डोमेनवर डीमार्क लावलेले आहे की नाही, हे माहीत नसल्यास पुढील बिलाच्या वेळी सांगावे. ते आम्ही विनामूल्य पाहून देऊ, आणि हिशेब सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ई-मेल खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनही (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) त्याच वेळी, त्यांच्या शेजारी बसून, सुरू करून देऊ.