सुकणं वेगळं, उकळणं वेगळं

पाण्याची वाफ किती अंशांना होते, असं विचारलं की बहुतेकजण पटकन ‘शंभर’ म्हणून मोकळे होतात. मग पुसलेली फरशी थोड्या वेळात कोरडी कशी होते? ती तर पायाला गारच लागते. शंभर अंश हा पाणी उकळण्याचा आकडा आहे, वाफ होण्याचा नव्हे. सुकणं म्हणजे बाष्पीभवन, उकळणं म्हणजे उत्कलन. दोन्हीकडे शेवटी पाण्याची वाफच होते, म्हणून हा घोळ.

बाष्पीभवन चालतं फक्त पृष्ठभागावर. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नसतात. त्यातले जोरात पळणारे, वरच्या थरात असले तर, शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतात. हे कुठल्याही तापमानाला होतं. वारा असला, पाणी पसरलेलं असलं की काम लवकर उरकतं. चपळ रेणू निघून गेल्यामुळे मागे मंद उरतात, म्हणजे उरलेलं पाणी गार होतं. घाम सुकताना गार वाटतं ते यामुळेच.

उत्कलनाची गोष्ट आतून सुरू होते. एकदा पातेल्यात पाणी तापत ठेवून शेजारी उभे राहा. आधी कडेला आणि तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडतेय. मग तळाशी खरे वाफेचे बुडबुडे धरायला लागतात, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं, त्यामुळे वर येता येता ते मिटून जातात. पाणी ‘गातं’ ते तेव्हा. मग तो आवाज बसतो, बुडबुडे थेट वर येऊन फुटतात आणि पाण्याला आधण येतं.

बुडबुडा टिकायचा तर आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या दाबाला पुरून उरला पाहिजे. समुद्रसपाटीला हे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जमतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवा विरळ, तिथे साधारण ७० अंशांनाच पाणी उकळतं. प्रेशर कुकरमध्ये उलट, तिथे पारा १२० अंशांपर्यंत जातो. बाष्पीभवनाला असा ठरलेला आकडाच नाही, आणि माझ्या मते दोघांतला खरा फरक ओळखायची हीच खूण.

आता आच वाढवा. पाणी जास्त खळखळेल, लवकर आटेल, पण उघड्या भांड्यात आणखी तापणार नाही. मग ती उष्णता जाते कुठे? १७६० च्या दशकात स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी याचा छडा लावला. एक ग्रॅम पाणी ० वरून १०० अंशांपर्यंत न्यायला १०० कॅलरी लागतात. त्याच शंभर अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात ती खर्च होते, थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून नाव अप्रकट उष्मा. बर्फ वितळतानाही हेच घडतं, फक्त तिथे ८० कॅलरींवर भागतं.

गंमत अशी, की सुकणं फुकटात होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात २५ अंशांना एक ग्रॅम पाणी सुकायला सुमारे ५८० कॅलरी लागतात, म्हणजे उकळण्यापेक्षा थोड्या जास्तच! चूल नसते इतकंच; ती उष्णता फरशीतून, हवेतून, आपल्या अंगातून ओढली जाते.

जाता जाता एक. उकळत्या किटलीच्या तोंडातून निघणारं पांढरं धुरकट काही दिसतं, त्याला आपण सर्रास वाफ म्हणतो. ते असतात गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही. ती किटलीचं तोंड आणि तो पांढरेपणा यांच्यामधल्या रिकाम्या वाटणाऱ्या बोटभर जागेत असते. तिथे बोट नेऊ नका. वाफेचं कातडीवर पाणी होताना त्या ५४० कॅलरी ती तिथेच सोडते.